जन्माने गुन्हेगार ते कोरी पाटी : बालकांच्या नोंदी पुसण्याच्या हक्काचा इतिहास

पोलीस भरती असो, रेल्वे असो की निमलष्करी दल, निवड झाल्यावर एक फॉर्म हातात येतो. त्यात एक रकाना असतो : तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय? कधी अटक झाली होती काय? आपल्या वस्त्यांतील किती तरी पोरांचा पेन या रकान्यावर येऊन थांबतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी कुठल्या तरी भांडणात, मोर्चात, किंवा संशयावरून उचलल्यामुळे नाव पोलीस ठाण्यात गेलेले असते. बाल न्याय मंडळाने प्रकरण कधीच निकाली काढलेले असते. पोरगा ते विसरलेला असतो, पण पोलीस ठाणे विसरलेले नसते.

बहुतेकांना वाटते की एकदा नाव लागले की लागले. कायदा मात्र याच्या नेमका उलट सांगतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला आणि बाल न्याय कायद्याखाली त्याची चौकशी झाली, तर त्या दोषसिद्धीमुळे त्याच्यावर कोणतीही अपात्रता येत नाही आणि तिची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची असते. अमेरिकेत अशा नोंदी सीलबंद करण्याची पद्धत आहे. तिथे कोण पात्र, अर्ज कधी करायचा, हे प्रत्येक राज्यात वेगळे आहे. आपल्या कायद्याचा शब्द त्याहून कडक आहे. आपला कायदा नोंद नष्ट करा म्हणतो, आणि तसा आदेश देण्याची जबाबदारी मंडळावर टाकतो.

मग हा हक्क आपल्या पोरांपर्यंत का पोहोचत नाही? याचे उत्तर कलमांत शोधून सापडणार नाही, ते इतिहासात आहे. या देशात नोंद पुसण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी नोंद करण्याचा कायदा आला, आणि तो जातीवर उभा होता.

आधी नोंद, मग गुन्हा

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांना लागू होता, १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते : माणसाने काही करण्याआधीच त्याची नोंद करा. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नावे रजिस्टरमध्ये चढत. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. या अधिसूचनेवर न्यायालयात दादही मागता येत नसे.

हा कायदा आणताना जो युक्तिवाद केला गेला तो नीट पाहा. हिंदुस्थानात धंदा जातीने ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसाच गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार. ही कल्पना लंडनहून आली नव्हती. जन्मावरून माणसाचे कर्म ठरवणारी व्यवस्था इथे आधीच तयार होती. इंग्रजांनी तिला रजिस्टर, शिक्का आणि फौजदार दिला. पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा या जन्मी भोगायची, हे कर्मविपाकाचे तत्त्वज्ञान दुसरे काय सांगते? एक नोंदवही आहे, ती तुम्हाला दिसत नाही, तिच्यातील मजकुरावर तुम्हाला अपील करता येत नाही आणि तिच्याप्रमाणे शिक्षा मात्र भोगावी लागते. जात ही या देशातील कधीही न पुसली गेलेली सर्वांत जुनी नोंद आहे.

या कायद्याचा सर्वांत क्रूर भाग मुलांविषयीचा होता. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतींत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. चार वर्षांच्या लेकराने कोणता गुन्हा केला होता? त्याचा गुन्हा एवढाच की तो त्या घरात जन्मला होता.

१९२४ : एकच साल, दोन मुले

तोवर जगात बालगुन्हेगारीकडे पाहण्याची दृष्टी बदलत होती. १८९९ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे पहिले बाल न्यायालय सुरू झाले. मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, त्याला सुधारण्याची संधी द्यावी, हा विचार रुजू लागला. हिंदुस्थानात १९१९-२० च्या जेल समितीने मुलांना मोठ्यांच्या तुरुंगांपासून दूर ठेवण्याची शिफारस केली. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांचा कायदा केला.

आता त्याच १९२४ कडे पुन्हा बघा. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा एकत्रित करून नव्याने मंजूर झाला. म्हणजे मुंबई इलाख्यात एकाच वेळी दोन कायदे होते. एक कायदा म्हणत होता, मुलाने चूक केली तरी तो मूलच आहे, त्याला सुधारू द्या. दुसरा म्हणत होता, या जमातीच्या मुलाने चूक केली नसली तरी तो होणारा गुन्हेगार आहे, त्याला वसाहतीत ठेवा. सोलापूर, विजापूर, हुबळी इथल्या काटेरी तारेच्या सेटलमेंटमध्ये वाढलेली मुले ही या दुसऱ्या कायद्याची मुले. बालपण हासुद्धा या देशात जातीने वाटला गेलेला हक्क होता.

आजही हे दोन कायदे आपल्या व्यवस्थेच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात. बंगल्यातल्या मुलाने गाडी ठोकली तर ते 'वयाचा दोष' ठरते. पालावरच्या मुलाने मोबाईल उचलला, किंवा उचलल्याचा नुसता संशय आला, तर ते 'रक्तातच आहे' ठरते.

बाबासाहेब आणि हा प्रश्न

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे काम पाहणारे आय.सी.एस. अधिकारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. पुढे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार जमाती या तिन्ही वर्गांना एकत्र मांडले आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या हिंदू संस्कृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. लोक गुन्हेगार आहेत की त्यांना गुन्हेगार ठेवणारी संस्कृती गुन्हेगार आहे, असा प्रश्न त्यांनी उलटा फिरवला.

संविधानाने तेच काम कायद्याच्या भाषेत केले. कलम १४ ची समता, कलम १५ चा जन्मावरून भेदभावाला नकार आणि कलम २१ चे प्रतिष्ठेने जगणे. ही कलमे आल्यावर जन्मावरून नोंद करणारा कायदा टिकणे शक्य नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. भटके विमुक्त हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात.

पण कायदा गेला तरी पोलीस ठाण्यातली सवय गेली नाही. १९५९ मध्ये मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. अशा कायद्यांत जमातीचे नाव नव्हते, पण पाळत, नोंद आणि हजेरी ही हत्यारे तीच राहिली. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे समजायला कुठल्याही अहवालाची गरज नाही.

पुसण्याचा हक्क कसा वाढत गेला

दुसऱ्या बाजूला बालकांचा कायदा पायरीपायरीने पुढे गेला. केंद्रशासित प्रदेशांसाठी केलेल्या १९६० च्या बालक कायद्याने स्पष्ट केले की या कायद्याखाली हाताळलेल्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. देशभरासाठीच्या १९८६ च्या बाल न्याय कायद्याने हेच तत्त्व घेतले, मात्र त्यात मुलग्यांचे वय सोळाच होते. १९८५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बीजिंग नियमांनी बालगुन्हेगारांच्या नोंदी गोपनीय ठेवाव्यात आणि पुढे प्रौढपणीच्या खटल्यात वापरू नयेत असे सांगितले. १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली. २००० च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी वय अठरा केले आणि कलम १९ मध्ये एक पाऊल पुढे टाकले : अपात्रता तर नाहीच, शिवाय नोंदही काढून टाका. २००७ च्या नियमांनी मुदत घातली. सात वर्षे, त्याहून जास्त नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या भीषण घटनेनंतर वारे फिरले. आरोपींपैकी एक अल्पवयीन होता. न्या. वर्मा समितीने वय कमी करू नये असे सांगितले होते, तरी २०१५ चा नवा कायदा सोळा ते अठरा वयोगटासाठी अपवाद घेऊन आला. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

आज पात्र कोण?

हा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा.

गुन्हा घडला त्या तारखेला वय अठरा वर्षांखाली असले पाहिजे. अटक कधी झाली, निकाल कधी लागला, याला महत्त्व नाही.

किरकोळ गुन्हा (तीन वर्षांपर्यंत शिक्षा) आणि गंभीर गुन्हा (तीन ते सात वर्षे शिक्षा) असेल तर अठराखालील प्रत्येक मूल पात्र आहे.

सोळा वर्षांखालील मूल निर्घृण गुन्ह्यातही पात्र आहे. निर्घृण म्हणजे ज्याला कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे असा गुन्हा. शिक्षा मोठी आहे पण किमान सात वर्षे सांगितलेली नाही, तर तो गुन्हा निर्घृण ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असला, तरी मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करून त्याला बालक म्हणूनच हाताळले तर तो पात्र आहे.

अपात्र फक्त एकच : सोळा ते अठरा वयाचा, निर्घृण गुन्ह्यात बालक न्यायालयाकडे पाठवलेला, आणि तिथे प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेला. त्याची नोंद बालक न्यायालय जपून ठेवते आणि अपात्रतेपासूनचे संरक्षण त्याला मिळत नाही.

बाकी सर्वांसाठी कलम २४ आणि कलम ३ मधील 'नव्या सुरुवातीचे' तत्त्व लागू आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम १४ नुसार दोषसिद्धीची नोंद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत सुरक्षित ठेवायची आणि मग नष्ट करायची. या मधल्या काळाचे काय? सतराव्या वर्षीच्या पोराची सात वर्षे म्हणजे भरतीचे ऐन वय. त्यासाठी कलम ७४ आहे. चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ही मनाई प्रलंबित प्रकरणांनाही लावली.

हक्क गळतो कुठे?

पहिली गळती वयाच्या पुराव्यात आहे. सगळी पात्रता अठरा वर्षांवर उभी आणि आपल्या लोकांकडे जन्माचा दाखला नाही. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. पालावर जन्मलेल्या, शाळेत नाव नसलेल्या मुलाचे वय मग ठाण्यातला माणूस ठरवतो. 'अंदाजे १९' असे दोन शब्द लिहिले की संपूर्ण बाल न्याय कायदा त्या मुलासाठी रद्द होतो.

दुसरी गळती मोर्चात होते. एरवी किरकोळ आणि गंभीर प्रकरणांत मुलावर एफआयआर नोंदवायचा नसतो, फक्त स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. पण गुन्हा प्रौढांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर एफआयआर होतो. पुतळ्याची विटंबना झाली, बंद पुकारला, गर्दीवर गुन्हे दाखल झाले, की मोठ्यांच्या यादीत पोरेही जातात. मोठ्यांचा खटला वर्षानुवर्षे चालतो आणि त्या कागदांत पोराचे नाव जिवंत राहते. चळवळीने या पोरांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे.

तिसरी गळती प्रतींची. मंडळाची फाईल नष्ट झाली तरी ठाण्याचे रजिस्टर, जिल्ह्याची यादी, संगणकातील नोंद आणि वर्तमानपत्राची बातमी उरते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने आरोपींची मोजमापे आणि ठसे ७५ वर्षे जपण्याची सोय केली. एका कायद्यात सात वर्षे, दुसऱ्यात पंचाहत्तर. पोलीस यंत्रणेची ओढ कोणत्या आकड्याकडे आहे हे सांगायला नको.

चौथी गळती खुद्द कायद्यातच आहे. मुलाची ओळख छापणाऱ्याला कलम ७४ खाली सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. पण चारित्र्य पडताळणीत नोंद उघड करणाऱ्या पोलिसासाठी त्या कलमात शिक्षाच लिहिलेली नाही. पत्रकाराला दंड आणि खात्याला सूट! शिवाय कलम २४ ची भाषा 'दोषसिद्धी'ची आहे. जो निर्दोष सुटला त्याच्या कागदांचे काय? दोषी मुलाची नोंद पुसायची आणि निर्दोषाची ठेवायची, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो न्याय नव्हे. कलम ३ मध्ये 'सर्व' जुन्या नोंदी म्हटले आहे, त्यावर बोट ठेवले पाहिजे.

न्यायालये काय म्हणतात

२०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलासाठी निवडलेल्या एका तरुणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अल्पवयात त्याच्यावर गुन्हा होता, तो निर्दोष सुटला होता, तरी नोकरी नाकारली. न्यायालयाने तरुणाच्या बाजूने निकाल दिला. अल्पवयात दोषी ठरला असता तरी तो कलंक पुढे वागवायला लावता येणार नाही, हा कायद्याचा हेतूच न्यायालयाने अधोरेखित केला.

मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटचे प्रकरण आले. त्यात त्याच्या अल्पवयीन मुलांचे तपशीलही नोंदले गेले होते. न्यायालय त्या एका प्रकरणावर थांबले नाही. विमुक्त जातींच्या लोकांच्या नोंदी निव्वळ जातीय पूर्वग्रहातून, वसाहतकाळासारख्या ठेवल्या जातात, या आरोपाची दखल घेऊन मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध लोकांची नावे यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये येऊ नयेत, याकडे सर्व राज्यांना लक्ष घालायला सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदावरील निकालात कैद्यांच्या रजिस्टरमधील जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला आणि विमुक्तांना 'सवयीचे गुन्हेगार' समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या. १८७१ चे रजिस्टर २०२४ पर्यंत जिवंत होते, याची ही न्यायालयीन कबुली आहे.

एक आक्षेप

'म्हणजे तुम्ही गुन्हेगारांना पाठीशी घालता?' असे विचारले जाते. आपल्यातलेही विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. बळी पडणाऱ्यांतही आपल्याच लेकीबाळी असतात. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. नोंद नष्ट करणे म्हणजे चौकशी थांबवणे नव्हे. बळीची तक्रार घेतली जाते, चौकशी होते, मुलाला जो आदेश व्हायचा तो होतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. आदेश भोगून झाल्यावरही आयुष्यभर शिक्षा चालू ठेवायची का?

हा हक्क अत्याचार करणाऱ्या सवर्ण घरातील अल्पवयीन मुलालाही मिळतो. तो त्यालाही मिळाला पाहिजे. मूल जन्माने ठरत नाही ही आपली भूमिका असेल, तर ती सोयीने बदलता येणार नाही. आपली लढाई एवढ्यासाठी आहे की त्याला जे न मागता मिळते ते आपल्या पोराला मागूनही मिळत नाही.

'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली, त्यात अंगुलिमालाची कथा आहे. त्याला पकडायला निघालेला राजा प्रसेनजित भिक्षू अंगुलिमालासमोर नमतो. मात्र पाली परंपरा हेही सांगते की पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांकडून मार खावा लागला. राज्याने नोंद पुसली, रस्त्याने पुसली नाही. आपल्याकडे तर अजून राज्यानेच पुसलेली नाही.

करायचे काय

वस्तीतील प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि शाळेतील नाव ही चळवळीची कामे समजा. अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येतो हे विसरू नका. प्रकरण निकाली निघाले की अंतिम आदेशाची प्रत घ्या आणि कलम २४ खाली नोंद नष्ट करण्याचा आदेश झाला का ते पाहा. झाला नसेल तर मंडळाकडे लेखी मागणी करा, झाला असेल तर पोलीस ठाण्याला प्रत देऊन पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. भरतीच्या फॉर्मवर घाबरून खोटे लिहू नका. माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर नोकऱ्या गेल्या आहेत. आधी वकिलाला विचारा आणि कलम २४, कलम ७४ व २०१९ चा निकाल सोबत ठेवा. आणि संघटनांनी दरवर्षी माहिती अधिकारात प्रत्येक जिल्ह्याला, कोणाचेही नाव न विचारता, एकच प्रश्न विचारावा : मुदत संपलेल्या किती नोंदी तुम्ही नष्ट केल्या?

ज्या समाजाची नोंद जन्माआधीच केली गेली, त्याच्या पोरांसाठी कोरी पाटी ही कोणाची मेहेरबानी नाही. तो संविधानाने दिलेला शब्द आहे. तो ठाण्याच्या दारात जाऊन, कागद हातात घेऊन मागायचा आहे.

जय भीम.